विश्लेषण : विद्यापीठाचे वेळापत्रक बिघडते कुठे आणि दिवस कापले जातात कोणाचे?

शैक्षणिक वर्ष सुरू होताना राज्यातील प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दोन-तीन पानांची एक पीडीएफ येते. पहिले सत्र कधी सुरू, कधी संपणार, दिवाळीची सुट्टी किती, दुसरे सत्र कधीपासून, उन्हाळी सुट्टी कधी, एवढेच त्यात असते. महाविद्यालये ती फलकावर लावतात, विद्यार्थी एकमेकांना व्हॉट्सॲपवर पाठवतात. मग एकामागून एक ‘सुधारित’ परिपत्रके येऊ लागतात. प्रवेशाला मुदतवाढ, परीक्षा अर्जाला मुदतवाढ, परीक्षा पुढे, निकाल लांबणीवर. वर्ष संपते तेव्हा जूनमधल्या त्या पीडीएफमधली एखाद-दुसरी तारीखच खरी ठरलेली असते.

याचे खापर सहसा ‘विद्यापीठाचा ढिसाळ कारभार’ या एका वाक्यावर फुटते. ढिसाळपणा आहेच, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. वेळापत्रकातील बऱ्याच तारखा विद्यापीठाच्या हातात नसतात आणि ज्या असतात त्यांत मोकळी जागाच ठेवलेली नसते. त्यामुळे उशीर कुठेही झाला, तरी तो भरून काढण्यासाठी एकच गोष्ट कापता येते : शिकवण्याचे दिवस. त्यातही सर्वाधिक कापले जातात ते पहिल्या वर्षाच्या पहिल्या सत्राचे.

५२ आठवड्यांचा हिशेब काय?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८च्या नियमावलीत वर्षाची सरळ वाटणी दिली आहे. महाविद्यालयांसाठी अध्यापनाचे ३० आठवडे, म्हणजे आठवड्याला सहा दिवस धरून १८० दिवस. प्रवेश, परीक्षा आणि परीक्षेची तयारी यासाठी १० आठवडे. सुट्ट्या १० आठवडे. सार्वजनिक सुट्ट्यांसाठी दोन आठवडे. विद्यापीठातील विभागांसाठी परीक्षांचे आठवडे १२ आणि सुट्ट्यांचे आठ, इतकाच फरक. बेरीज दोन्हीकडे ५२.

या बेरजेत काय नाही ते पाहायला हवे. मुसळधार पावसात बुडालेला आठवडा नाही. निवडणूक नाही. पेपर पुढे ढकलावा लागला तर तो घ्यायला जागा नाही. प्रवेशाची जादा फेरी नाही. कोणताही प्रकल्प आखताना थोडा वेळ राखीव ठेवतात, कारण काहीतरी बिनसणार हे गृहीत असते. आपल्या शैक्षणिक वर्षात राखीव वेळ शून्य आहे.

२०२४ हे वर्ष आठवून पाहा. लोकसभेसाठी राज्यात १९ एप्रिल ते २० मे असे पाच टप्प्यांत मतदान झाले. हा उन्हाळी सत्र परीक्षांचा ऐन हंगाम. विधानसभेसाठी २० नोव्हेंबरला मतदान झाले, तो काळ हिवाळी सत्र परीक्षांचा. प्राध्यापक निवडणुकीच्या कामाला, इमारती मतदान केंद्रांना आणि मतदानाच्या आसपासचे पेपर पुढे. निवडणूक पाच वर्षांनी येते हे सर्वांना ठाऊक असते, पण वेळापत्रक मात्र दर वेळी ती अचानक आल्यासारखे बदलते.

तारखा ठरवते कोण?

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६नुसार शैक्षणिक बाबींची सर्वोच्च समिती म्हणजे विद्या परिषद. परीक्षांचा कारभार मात्र परीक्षा व मूल्यमापन मंडळाकडे. म्हणजे शिकवण्याच्या तारखा एका टेबलावर आणि परीक्षेच्या तारखा दुसऱ्या. कागदावर दोन्ही जुळतात. प्रत्यक्षात प्रवेश लांबले तर पहिले टेबल सत्राची सुरुवात पुढे सरकवते, पण दुसऱ्या टेबलावरची परीक्षेची तारीख तितकीच सरकेल याची खात्री नसते. ती सरकवली तर निकाल लांबतो, पुढचे सत्र लांबते आणि उत्तरपत्रिका तपासायला प्राध्यापक मिळत नाहीत.

विद्यापीठाच्या वर यूजीसी आहे. अभियांत्रिकी, व्यवस्थापन, संगणक उपयोजन यांसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद (एआयसीटीई), विधी शाखेसाठी बार कौन्सिल, शिक्षणशास्त्रासाठी आणखी वेगळी परिषद. व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षाकडे. बारावीचा निकाल राज्य मंडळाकडे. आरक्षण, जात पडताळणी आणि शिष्यवृत्ती यांच्या मुदती राज्य सरकारकडे. इतक्या घड्याळांवर चालणारी व्यवस्था एका पीडीएफमध्ये कोंबायची, हे विद्यापीठाचे काम.

शेवटचा शब्द कोणाचा, हा प्रश्न २०२०मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. करोनाकाळात यूजीसीने ६ जुलै २०२०च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अंतिम वर्षाच्या परीक्षा ३० सप्टेंबरपर्यंत घेण्यास सांगितले. महाराष्ट्र सरकारची भूमिका परीक्षा न घेण्याची होती. न्यायालयाने २८ ऑगस्टला निकाल दिला : अंतिम वर्षाची परीक्षा न घेता राज्याला विद्यार्थ्यांना उत्तीर्ण करता येणार नाही, मात्र ३० सप्टेंबरची मुदत पाळणे अशक्य असेल, तर ती वाढवून मागता येईल. निकालातून अधिकाराची उतरंड स्पष्ट झाली. पण परीक्षा कशी आणि किती दिवसांत घ्यायची हा भार पुन्हा विद्यापीठांवरच आला आणि राज्यातील विद्यापीठांनी ऑक्टोबरमध्ये घाईघाईने बहुपर्यायी प्रश्नांच्या ऑनलाइन परीक्षा उरकल्या.

पहिल्या वर्षाचे घड्याळ मागे का पडते?

दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी आधीच वर्गात असतात. त्यांचे सत्र जून-जुलैत सुरू होऊ शकते. पहिल्या वर्षाला मात्र बारावीचा निकाल, सीईटीचा निकाल, कागदपत्र पडताळणी, गुणवत्ता यादी, केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्या आणि मग संस्था स्तरावरील जागा, एवढी साखळी पार करावी लागते. एक कडी अडकली की पुढच्या सगळ्या थांबतात.

साखळीचे पहिले टोक राज्याने पुढे ओढले आहे. २०२५मध्ये बारावीची परीक्षा नेहमीपेक्षा साधारण दहा दिवस आधी, ११ फेब्रुवारीला सुरू झाली आणि निकाल ५ मे रोजी लागला. आदल्या वर्षी तो २१ मे रोजी लागला होता. म्हणजे दोन आठवड्यांहून अधिक वेळ वाचला. कला, वाणिज्य, विज्ञान या पारंपरिक शाखांना त्याचा थेट फायदा होतो, कारण तिथे सीईटीची वाट पाहावी लागत नाही.

व्यावसायिक अभ्यासक्रमांचे तसे नाही. बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आल्यानंतर २०२४मध्ये राज्याने त्यांच्यासाठी पहिल्यांदा सीईटी घेतली. जागा जास्त, परीक्षा देणारे कमी, अशी स्थिती झाल्याने ऑगस्टमध्ये अतिरिक्त सीईटी घ्यावी लागली. जे विद्यार्थी एरवी जुलैत वर्गात बसले असते, ते ऑगस्टमध्ये परीक्षा देत होते. काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नावच बदलून तो बीकॉमच्या छत्राखाली आणला आणि सीईटीतून सुटका करून घेतली. विद्यार्थी आणि वेळ, दोन्ही हातचे जाऊ नयेत यासाठी काढलेली ही पळवाट होती.

आता अभियांत्रिकीची सीईटी वर्षातून दोनदा, एप्रिल आणि मे महिन्यांत, घेण्याचा निर्णय सरकारने २०२६साठी जाहीर केला. विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. एक दिवस वाईट गेला म्हणून वर्ष जात नाही. वेळापत्रकाच्या दृष्टीने मात्र गुणवत्ता यादी दुसऱ्या परीक्षेचा निकाल लागल्याशिवाय बनत नाही, म्हणजे बारावीचा निकाल लवकर लावून मिळवलेला वेळ इथे खर्ची पडू शकतो. हे चूक आहे असे नव्हे. पण एका खिशातून काढून दुसऱ्यात टाकलेला वेळ ‘वाचला’ म्हणून मोजू नये.

यावर न्यायालयीन लगाम नाही असेही नाही. ठाण्याच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वादातून उभ्या राहिलेल्या पार्श्वनाथ चॅरिटेबल ट्रस्ट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१२मध्ये तंत्रशिक्षणासाठी तारीखवार कार्यक्रमच घालून दिला. सत्राची सुरुवात १ ऑगस्ट. रिक्त जागांवर शेवटचा प्रवेश १५ ऑगस्ट. त्यानंतर कोणत्याही कोट्यातून कोणालाही प्रवेश नाही. करोनानंतर ही चौकट सैल झाली. एआयसीटीई दर वर्षी कार्यक्रम जाहीर करते आणि राज्यांच्या मागणीवरून तो सुधारते. १५ ऑगस्ट ही तारीख आता अंतिम मुदतीपेक्षा आठवणीसारखी उरली आहे.

पदविकेनंतर थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या विद्यार्थ्यांचा उल्लेख या चर्चेत क्वचित होतो. पॉलिटेक्निकचा निकाल, मग त्यांच्या स्वतंत्र प्रवेश फेऱ्या. तोवर तिसरे सत्र सुरू होऊन आठवडे लोटलेले असतात. अभियांत्रिकीचे गणित-तीन हे या मुलांचे भूत बनते ते बुद्धी कमी असल्याने नव्हे. पहिली दोन-तीन प्रकरणे त्यांच्या प्रवेशाआधीच शिकवून झालेली असतात. विधी शाखेच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे हाल आणखी वेगळे. तिथे पदवीचा निकाल हाती असावा लागतो, त्यामुळे प्रवेश अनेकदा सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत आणि कधी त्याही पुढे रेंगाळतात.

२०२६-२७चे गणित मांडून पाहू

हे वर्ष आखणाऱ्यांसाठी अवघड आहे, कारण २०२६मध्ये अधिक ज्येष्ठ आला आणि सण पुढे सरकले. गेल्या वर्षी गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, यंदा ती १४ सप्टेंबरला. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरवरून ८ नोव्हेंबरवर. गेल्या वर्षीचेच वेळापत्रक समोर ठेवून तारखा एक-दोन दिवसांनी हलवण्याची सवय असलेल्या कार्यालयांची इथेच पंचाईत होते.

समजा, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे वर्ग सोमवार, १५ जूनला सुरू झाले. सहा दिवसांचे पंधरा आठवडे २६ सप्टेंबरला भरतात. गणपतीची आठवडाभर सुट्टी धरली, तर अध्यापन ३ ऑक्टोबरपर्यंत. परीक्षा ऑक्टोबरमध्ये, दसऱ्याचे दिवस सांभाळून, महिनाअखेरीस संपते. मग दिवाळी. दुसरे सत्र २३ नोव्हेंबरला सुरू झाले, तर पंधरा आठवडे ६ मार्चला पूर्ण. एप्रिलअखेर परीक्षा संपून जूनच्या मध्यापर्यंत निकाल. सार्वजनिक सुट्ट्यांचे चार-पाच दिवस इकडे-तिकडे धरूनही हे जमते. दिवाळी उशिरा आल्याने परीक्षा सुट्टीआधी उरकता येते, ही या वर्षीची जमेची बाजू.

आता पहिले वर्ष. प्रवेश वेगाने आटोपून वर्ग सोमवार, १७ ऑगस्टला सुरू झाले, असे धरू. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी ही आशावादी तारीख आहे. गणपतीचा एक आणि दिवाळीचे दोन आठवडे वगळता पंधरा आठवडे १९ डिसेंबरला भरतात. परीक्षा जानेवारीच्या मध्यापर्यंत. दुसरे सत्र १८ जानेवारीला सुरू, त्याचे पंधरा आठवडे बरोबर १ मे रोजी, महाराष्ट्रदिनी संपतात. परीक्षा २२ मेपर्यंत. ३० दिवसांत निकाल लागला तर २१ जून, ४५ दिवस लागले तर ६ जुलै. कसेबसे जमते, पण उन्हाळी सुट्टी नावाची गोष्ट उरत नाही.

आणि वर्ग चार आठवडे उशिरा, सप्टेंबरच्या मध्यावर सुरू झाले तर? पुढची प्रत्येक तारीख चार आठवड्यांनी सरकते. निकाल ३ ऑगस्टला लागतो आणि तिसरे सत्र तर जूनमध्येच सुरू व्हायचे असते. हे कोणत्याही विद्यापीठाला परवडत नाही. मग ते काय करते? सत्राचा शेवट सरकू देत नाही. १४ सप्टेंबर ते १२ डिसेंबर हे तेरा आठवडे, त्यातून सुट्ट्यांचे तीन वजा केले की उरले दहा. म्हणजे ९०ऐवजी ६० दिवस. नव्या श्रेयांक पद्धतीत एका श्रेयांकाला १५ तास हवेत, चार श्रेयांकांच्या विषयाला ६०. आठवड्याला चार तासांप्रमाणे दहा आठवड्यांत ४० तासच होतात. उरलेले २० तास ‘जादा तासिका घेऊन’ भरल्याचे कागदावर दिसते. ते प्रत्यक्षात किती भरले, हे वर्गातल्या मुलांना विचारावे.

यात एक विसंगती आहे. वेळेची सर्वात जास्त गरज असते ती पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला. मराठी माध्यमातून इंग्रजीत आलेला, गावाहून शहरात आलेला, वसतिगृहाच्या यादीची वाट पाहणारा विद्यार्थी याच सत्रात असतो. त्यालाच सर्वात तोकडे सत्र मिळते.

निकालाची मुदत कायद्यात आहे, पण…

परीक्षेच्या शेवटच्या दिवसापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत तो जाहीर करावा, असे २०१६चा कायदा सांगतो. तसे झाले नाही, तर कुलगुरूंनी विलंबाची कारणे देणारा सविस्तर अहवाल कुलपती आणि राज्य सरकारला द्यायचा. मात्र याच कायद्यात अशीही तरतूद आहे की वेळापत्रक पाळले नाही, केवळ एवढ्या कारणाने परीक्षा वा निकाल अवैध ठरत नाही. ती विद्यार्थ्यांच्या हिताची आहे. अन्यथा विद्यापीठाच्या उशिराची शिक्षा उत्तीर्ण झालेल्यांना झाली असती. पण मुदत चुकवण्याची किंमत विद्यापीठासाठी एका अहवालापुरती राहते, हाही त्याचाच अर्थ.

याला मोठा अपवाद ठरले २०१७. मुंबई विद्यापीठाने त्या वर्षीच्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घेतला. ४७७ परीक्षा आणि १७ लाखांवर उत्तरपत्रिका. त्या स्कॅन करायच्या, प्राध्यापकांना प्रशिक्षण द्यायचे, यंत्रणा चालते का ते पाहायचे, हे सगळे परीक्षा तोंडावर असताना. कुलपती म्हणून राज्यपाल चे. विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली. ती हुकली. त्यानंतरच्याही मुदती हुकल्या. विधी शाखेचे विद्यार्थी उच्च न्यायालयात गेले, परदेशी विद्यापीठांत प्रवेश मिळालेल्यांची गुणपत्रिकेसाठी धावपळ झाली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून हटवण्यात आले.

तंत्रज्ञानाने घात केला, अशी त्या घटनेची आठवण ठेवली जाते. ती अपुरी वाटते. पडद्यावरची तपासणी आज सर्रास होते. चूक होती ती नवी पद्धत आणण्याच्या वेळेची. एखादी लहान परीक्षा घेऊन चाचणी करायला वेळापत्रकात आठवडेच नव्हते. त्यापेक्षा कमी बोलला गेलेला भाग असा की जुलैअखेरीस प्राध्यापकांना तपासणीसाठी मोकळे करण्याकरिता महाविद्यालयांतील अध्यापन काही दिवस बंद ठेवण्यात आले. आदल्या वर्षीच्या निकालाचा उशीर पुढच्या वर्षीच्या वर्गांतून वसूल केला गेला.

नव्या शैक्षणिक धोरणाने काय बदलले?

राज्यात २०२३-२४पासून स्वायत्त महाविद्यालये व विद्यापीठ विभागांत आणि २०२४-२५पासून संलग्न महाविद्यालयांत राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुला वैकल्पिक, व्यावसायिक कौशल्य, क्षमतावृद्धी, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, सहअभ्यासक्रम. विद्यार्थ्याला निवड मिळाली ही चांगली गोष्ट. परीक्षा विभागासाठी मात्र प्रश्नपत्रिकांची संख्या वाढली आणि वेळापत्रक लावणे अवघड झाले.

पूर्वी टीवायबीकॉमचा एक गठ्ठा असे. सगळ्यांचे पेपर सारखेच, आठ दिवसांत परीक्षा संपे. आता वाणिज्यचा विद्यार्थी कला शाखेचा विषय घेतो, विज्ञानाचा विद्यार्थी व्यवस्थापनाचा. ज्या दोन विषयांचा एकही विद्यार्थी समान आहे, ते एकाच वेळी ठेवता येत नाहीत. संगणकशास्त्रात याला आलेख रंगवण्याचा प्रश्न म्हणतात. शेजारच्या दोन बिंदूंना एकच रंग नको आणि रंग कमीत कमी हवेत. विषयांच्या जोड्या वाढल्या की रंग वाढतात, म्हणजेच परीक्षेचे दिवस वाढतात. यासाठी सॉफ्टवेअर आहे, पण त्याला कोणत्या विद्यार्थ्याने कोणता विषय घेतला ही माहिती आधी मिळायला हवी. ती मिळते परीक्षा अर्जातून आणि परीक्षा अर्जाला मुदतवाढ मिळतच राहते.

मुदतवाढीकडे आपण नेहमी सवलत म्हणून पाहतो. एका विद्यार्थ्यासाठी ती असतेही. पण अर्जाची तारीख आठवडाभर पुढे गेली की बैठक क्रमांक, केंद्रनिहाय यादी, प्रश्नपत्रिकांची संख्या, प्रवेशपत्रे सगळेच आठवडाभर मागे पडते. परीक्षेची तारीख तीच राहते. मग परीक्षेच्या आदल्या रात्री प्रवेशपत्र येते आणि त्यावर विषय चुकलेला असतो.

शिकवणारे कुठे आहेत?

प्रश्नपत्रिका काढणारे, पर्यवेक्षण करणारे, उत्तरपत्रिका तपासणारे आणि वर्गात शिकवणारे प्राध्यापक एकच असतात. पहिल्या वर्षाची परीक्षा जानेवारीत आणि वरच्या वर्गांची ऑक्टोबरमध्ये, अशी विभागणी झाली की त्यांचे वर्षातले दोन परीक्षा हंगाम चार होतात. त्यात कायमस्वरूपी पदे रिक्त आणि तासिका तत्त्वावर नेमणुका. या नेमणुका सत्रापुरत्या. त्यांची मंजुरी, जाहिरात आणि मुलाखती सत्र सुरू होण्याच्या सुमारास किंवा त्यानंतर होतात. त्यामुळे काही विषयांचे वर्ग वेळापत्रकात जूनपासून आणि प्रत्यक्षात ऑगस्टपासून भरतात.

विद्यार्थ्याच्या तारखांना राखीव वेळ नसतो

विद्यापीठाच्या तारखा लवचीक असल्या, तरी विद्यार्थ्याला ज्या दारांवर जायचे असते ती दारे ठरल्या वेळी बंद होतात. जर्मनीतील अनेक विद्यापीठांत हिवाळी सत्रासाठी अर्जाची मुदत १५ जुलै असते. अमेरिका-ब्रिटनमधली सत्रे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात. कॅम्पसमधून नोकरी मिळालेल्याला जुलैत रुजू होताना अंतिम गुणपत्रिका द्यावी लागते. स्पर्धा परीक्षांच्या जाहिरातीत पदवी कोणत्या तारखेपर्यंत हवी ते लिहिलेले असते. निकाल दोन आठवडे लांबला, तर विद्यापीठासाठी ते दोन आठवडे. विद्यार्थ्यासाठी ते कधी कधी वर्ष असते.

आतल्या मुदतीही असमान आहेत. विद्यार्थ्याने परीक्षा अर्ज उशिरा भरला की विलंब शुल्क, आणखी उशीर झाला की अतिविलंब शुल्क. निकालानंतर छायांकित प्रत आणि पुनर्मूल्यांकनासाठी मोजके दिवस. पुनर्मूल्यांकनाचा निकाल मात्र कधी लागेल याची तशी हमी नाही. तो लागायच्या आधी त्याच विषयाच्या एटीकेटीचा अर्ज भरण्याची तारीख येते. मग विद्यार्थी दोन्हीकडे पैसे भरतो. पुनर्मूल्यांकनात उत्तीर्ण झाला, तरी एटीकेटीच्या अभ्यासात गेलेले आठवडे परत मिळत नाहीत.

काही तारखा विद्यार्थ्यांच्या बाजूनेही आहेत, पण त्या कमी जणांना माहीत असतात. प्रवेश रद्द केल्यास शुल्क परत मिळण्यासाठी यूजीसी दर वर्षी मुदत जाहीर करते. २०२४-२५साठी ३० सप्टेंबरपर्यंत रद्द केल्यास पूर्ण शुल्क परत आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत रद्द केल्यास जास्तीत जास्त एक हजार रुपयांची कपात, असा नियम होता. प्रवेश फेऱ्या लांबतात म्हणूनच ही मुदत इतकी उशिराची ठेवावी लागते. तसेच पात्र ठरल्यापासून १८० दिवसांत पदवी प्रमाणपत्र देणे विद्यापीठांवर यूजीसीच्या २००८च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. दीक्षान्त समारंभाची तारीख मिळत नाही, हे त्यावरचे उत्तर होऊ शकत नाही.

मग आखणी कशी व्हावी?

सध्या वेळापत्रक जूनपासून पुढे आखले जाते. ते शेवटाकडून मागे आखून पाहायला हवे. अंतिम वर्षाचा निकाल ३० जूनच्या आत हवा, हे आधी पक्के धरायचे. त्यातून परीक्षा कधी संपली पाहिजे ते निघते, त्यातून सत्राचा शेवट आणि सुरुवात. पहिल्या वर्षाला याच साच्यात कोंबण्याऐवजी त्याचे स्वतंत्र वेळापत्रक जाहीर करावे. ‘प्रवेश पूर्ण होतील तसे’ या शब्दांऐवजी त्यात तारखा असाव्यात. पहिल्या सत्राचा भार कमी ठेवून काही श्रेयांक दुसऱ्या सत्रात किंवा उन्हाळ्यात देण्याची मुभा श्रेयांक पद्धतीत आहे. ती वापरली जात नाही, कारण त्यासाठी अभ्यास मंडळ आणि परीक्षा विभाग एका टेबलावर बसावे लागतात.

प्रत्येक सत्रात एक आठवडा रिकामा ठेवणे हे त्याहून सोपे आहे. काही बिनसले नाही, तर तो वाचनासाठी सोडावा. त्यासाठी आठवडा आणायचा कुठून, असे विचारले जाईल. तो आताही खर्च होतोच, फक्त कोणत्याही वेळापत्रकात न दिसता. त्याला नाव दिले, तर निदान तो कशात गेला हे कळेल.

जुलै-ऑगस्टबरोबरच जानेवारी-फेब्रुवारीतही प्रवेश देण्याची मुभा यूजीसीने जून २०२४मध्ये जाहीर केली. सक्ती नाही. जादा प्राध्यापक आणि वर्गखोल्या असलेल्या संस्थांनाच ते जमेल. तरी उशिरा निकाल लागलेल्या किंवा जुलैतल्या पुरवणी परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यासाठी सप्टेंबरमध्ये धावत्या गाडीत चढण्यापेक्षा जानेवारीत पहिल्या तासाला बसणे बरे. राज्यातील एखाद्या विद्यापीठाने निवडक अभ्यासक्रमांसाठी हे करून पाहिले, तर सप्टेंबरमधले उशिराचे प्रवेश किती कमी होतात ते दिसेल.

४५ दिवसांची मुदत चुकल्यावर कुलगुरू जो अहवाल देतात, तो संकेतस्थळावर टाकायला मात्र नवा कायदा लागत नाही. कोणत्या परीक्षेचा निकाल किती दिवसांनी लागला आणि का, ही माहिती विद्यापीठाकडे असतेच. ती जूनच्या त्या पीडीएफशेजारी ठेवली, तर नव्या वर्षाच्या तारखांवर किती विसंबायचे हे प्रवेश घेणाऱ्याला ठरवता येईल.